मूठभर माती कोणी कोणाला दिली?

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक छायाचित्र फिरू लागते. सुटातला एक उंचापुरा गोरा माणूस आपल्या मुठीतली तांबडी माती एका काळ्या, वयस्कर माणसाच्या तळहातावर सोडतो आहे. गोरा माणूस म्हणजे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान गॉफ व्हिटलम. काळा माणूस म्हणजे गुरिंजी समाजाचे नेते व्हिन्सेंट लिंगियारी. तारीख १६ ऑगस्ट १९७५. फोटोखाली ओळ असते, 'पंतप्रधानांनी आदिवासींना त्यांची जमीन परत दिली. आपल्याकडे असे पंतप्रधान कधी होणार?' आणि तिच्याखाली जयभीमांचा आणि निळ्या हृदयांचा पाऊस.

माझा आक्षेप त्या ओळीतल्या 'दिली' या शब्दाला आहे.

हा फोटो मला यंदा ज्याने पाठवला तो तरुण इंजिनीअर आहे, हुशार आहे, चळवळीला वेळ देतो. मागे एका अभ्यास शिबिरात जमिनीचा विषय निघाला तेव्हा हाच पोरगा उठून म्हणाला होता, "सर, जमिनीचा प्रश्न आता जुना झाला. शेतीत काय राहिलंय? शिक्षण, नोकरी आणि पगार यावर बोला." शिबिरात टाळ्या पडल्या. म्हणजे परक्याच्या हातातली माती बघून आपले डोळे पाणावतात आणि आपल्या पायाखालच्या मातीचा विषय निघाला की आपल्याला तो जुना वाटतो. हे कसे काय? या पोराला आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना उत्तर म्हणून हा लेख आहे. उत्तर माझे नाही. ते गुरिंजींनी नऊ वर्षे जमिनीवर बसून दिलेले आहे.

पीठ, चहा, साखर आणि हाडे

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला नॉर्दर्न टेरिटरी नावाचा प्रदेश आहे. तिथे व्हिक्टोरिया नदीच्या खोऱ्यात गुरिंजी लोक पिढ्यानपिढ्या राहत आले. इंग्रजांनी हा सगळा खंड 'कोणाच्याच मालकीचा नाही' असे धरून ताब्यात घेतला. माणसे डोळ्यांसमोर उभी असताना जमीन रिकामी आहे असे कायद्याने ठरवले. १८८३ मध्ये गुरिंजींच्या भूमीवर 'वेव्ह हिल स्टेशन' उभे राहिले. स्टेशन म्हणजे रेल्वेचे नव्हे, हजारो चौरस किलोमीटरवर पसरलेले गुरांचे ठाणे. गुरे आली, पाणवठे तुडवले गेले, शिकार संपली. ज्यांनी विरोध केला त्यांच्यावर बंदुका चालल्या. जे वाचले त्यांना जगण्यासाठी त्याच ठाण्यावर राबायला यावे लागले.

१९१४ मध्ये हे ठाणे इंग्लंडच्या वेस्टी कंपनीकडे गेले. वेस्टी म्हणजे साधे जमीनदार नव्हेत. गुरे त्यांची, शीतगृहे त्यांची, मांस वाहून नेणारी जहाजे त्यांची आणि इंग्लंडमधली मांसाची दुकानेही त्यांचीच. या साखळीच्या अगदी तळाला घोड्यावरून गुरे हाकणारा, कुंपण घालणारा, वासरांना डाग देणारा गुरिंजी पुरुष होता आणि मालकाच्या घरात धुणी-भांडी करणारी गुरिंजी बाई होती. त्यांच्याशिवाय वेव्ह हिल एक दिवस चालले नसते. मोबदला काय? पीठ, चहा, साखर, मांसातला टाकाऊ भाग आणि हाडे. रोख पैसे कित्येकांना मिळतच नसत. ज्यांना मिळत त्यांची रक्कम गोऱ्या कामगाराच्या पगारापुढे क्षुल्लक होती. राहायला पत्र्याच्या आणि गोणपाटाच्या झोपड्या, आत जायचे तर वाकून.

हे मी कोणा चळवळ्याच्या भाषणातून सांगत नाही. १९४४ ते ४६ या काळात रोनाल्ड आणि कॅथरीन बर्न्ड्ट या मानववंशशास्त्रज्ञ जोडप्याला खुद्द वेस्टी कंपनीनेच आपल्या ठाण्यांची पाहणी करायला नेमले होते. कंपनीला हवे होते जास्त मजूर. पाहणीत दिसले ते अपुरे अन्न, मरणारी बालके, गलिच्छ वस्त्या आणि गोऱ्या पुरुषांकडून बायकांचे होणारे शोषण. तो सविस्तर अभ्यास पुस्तकरूपाने यायला १९८७ साल उजाडावे लागले.

कायदा कोणाच्या बाजूने होता? १९५३ च्या कल्याण कायद्याखाली नॉर्दर्न टेरिटरीतले जवळजवळ सगळे मूलनिवासी 'वॉर्ड' ठरवले गेले. वॉर्ड म्हणजे सरकारच्या पालकत्वाखालचा माणूस, कायद्याच्या नजरेत कायमचा अल्पवयीन. कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, पैसे कसे खर्चायचे यावर सरकारी अधिकाऱ्याचा हात. या वॉर्डांच्या नावांची जी सरकारी यादी छापली गेली तिला लोक कुत्सितपणे 'स्टड बुक' म्हणत. जातिवंत घोड्यांच्या पैदाशीची नोंदवही असते ना, तेच नाव. आणि या कायद्याचे नाव काय, तर 'कल्याण'! शोषकाला शब्द नेहमी गोड सापडतात.

समान वेतनाचा निकाल आणि त्यातली मेख

१९६५ मध्ये नॉर्थ ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने लवाद आयोगापुढे मागणी केली की गुरांच्या ठाण्यांवरच्या मूलनिवासी कामगारांना गोऱ्यांइतकेच वेतन मिळावे. मालकांचे म्हणणे होते की या लोकांना कामाची आणि पैशांची किंमतच कळत नाही, त्यांची उत्पादकता कमी आहे. पन्नास वर्षे यांच्याच घामावर मांसाचा धंदा चालला आणि कोर्टात मात्र ते आळशी! ज्यांच्या भाकरीचा प्रश्न होता त्या मूलनिवासींपैकी एकाचीही साक्ष त्या आयोगापुढे झाली नाही. मालकांच्या बाजूने उभ्या असलेल्या बड्या वकिलाचे नाव जॉन कार. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मार्च १९६६ मध्ये निकाल लागला. समान वेतन तत्त्व म्हणून मान्य, पण अंमलबजावणी १ डिसेंबर १९६८ पासून. मालकांना तयारीला वेळ हवा म्हणून पावणेतीन वर्षांची सवलत. पिढ्यानपिढ्या फुकट राबलेल्यांना सांगितले गेले, अजून जरा थांबा.

गुरिंजी थांबले नाहीत.

लिंगियारी काम करताना जखमी होऊन डार्विनच्या रुग्णालयात दाखल झाले होते. तिथे त्यांची गाठ युनियनचे मूलनिवासी संघटक डेक्स्टर डॅनियल्स यांच्याशी पडली. मे महिन्यात न्यूकॅसल वॉटर्स ठाण्यावर मूलनिवासी कामगारांनी संप केल्याची बातमीही पसरली होती. लिंगियारी परत आले, लोकांशी बोलले आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजी सुमारे २०० माणसे, म्हणजे गुराखी, घरकाम करणाऱ्या बाया, म्हातारे आणि कडेवरची पोरे, वेव्ह हिल सोडून चालू लागली. आधी नदीकाठी मुक्काम केला. पुढच्या वर्षी ती दागुरागु या आपल्या जुन्या, पवित्र ठिकाणी जाऊन बसली. गोऱ्यांच्या नकाशात त्या जागेचे नाव वॉटी क्रीक.

हा संप कशासाठी होता?

आता मुद्द्याचे. आपले काही डावे मित्र ही कथा सांगतात ती इथपर्यंतच. कामगारांचे शोषण, समान वेतनाची मागणी, संप, विजय. वर्गलढ्याचे झकास उदाहरण. वंश वगैरे वरची टरफले, गाभा मजुरीचा. आपल्यालाही ते हेच सांगत आलेत : जात ही वरची टरफले, गाभा मजुरीचा.

पण हा गाभा गुरिंजींनी स्वतःच खोटा पाडला. दागुरागु ठाण्याच्या मुख्य वस्तीपासून दूर. जो नुसता पगारासाठी संप करतो तो फाटकासमोर बसतो, कारण त्याला परत आत जायचे असते. गुरिंजींनी फाटकाकडे पाठ फिरवली. मजुरी वाढवून घेऊन वेस्टींच्या चाकरीत परतायचे नाही, आपल्या जमिनीवर आपले ठाणे आपण चालवायचे, हे त्यांनी जागा निवडूनच सांगितले.

एप्रिल १९६७ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलकडे अर्ज केला. लेखक फ्रँक हार्डी यांनी तो लिहून काढायला मदत केली. मागणी आणि शब्द गुरिंजींचे होते, खाली अंगठे गुरिंजी पुढाऱ्यांचे होते. वेस्टींच्या ताब्यातल्या अफाट पसाऱ्यापैकी सुमारे १,३०० चौरस किलोमीटर जमीन त्यांनी मागितली. भीक म्हणून मागितली नाही. ही आमची होती, आमच्याकडून घेतली गेली, आमची ठिकाणे तिथे आहेत, हा दावा होता. हार्डी कम्युनिस्ट होते. कामगारांच्या हक्काची गोष्ट लिहायला म्हणून ते आले आणि ऐकता ऐकता त्यांना समजले की ही माणसे जमिनीविषयी बोलत आहेत. ऐकण्याची तयारी असलेला डावा कसा असतो, हे त्यांच्याकडून शिकावे. डार्विनच्या गोदी कामगारांनी ट्रकमधून शिधा पोहोचवला, युनियनांनी पैसे उभे केले, लिंगियारींना शहरांतून सभांना नेले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. मदत त्यांची होती. दिशा गुरिंजींची होती.

अर्ज ज्यांच्याकडे गेला ते गव्हर्नर जनरल कोण? लॉर्ड केसी. १९४४ ते ४६ या काळात हेच गृहस्थ इंग्रज सरकारचे बंगालचे गव्हर्नर होते. दुष्काळात लाखो माणसे मेलेल्या बंगालवर राज्य करून आलेला माणूस आता गुरिंजींचा अर्ज वाचत होता. साम्राज्याची खुर्ची अशी देश बदलत फिरत होती.

आणि याच वेळी ऑस्ट्रेलियात काय चालले होते पाहा. २७ मे १९६७ रोजी सार्वमत झाले. मूलनिवासींची जनगणनेत मोजणी व्हावी आणि त्यांच्यासाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला मिळावा, या बाजूने ९० टक्क्यांहून अधिक मतदान झाले. सगळा देश स्वतःच्या उदारपणावर खूश. पुढच्याच महिन्यात, जून १९६७ मध्ये, गुरिंजींचा अर्ज फेटाळला गेला.

मे महिन्यात ९० टक्के प्रेम आणि जून महिन्यात एक इंचही जमीन नाही. तरुण मित्रांनो, हे दोन महिने वहीत लिहून ठेवा. तुमची मोजणी करायला, तुमच्या नावाने दिवस साजरे करायला, तुमच्या महापुरुषाला हार घालायला व्यवस्था तयार असते. ती नाही म्हणते तुम्ही मालमत्तेला हात घालता तेव्हा.

ज्यांना फक्त पगार मिळाला त्यांचे काय झाले?

इंजिनीअर मित्राच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. डिसेंबर १९६८ ला समान वेतन लागू झाले. ठाण्यांवरच्या मूलनिवासी कामगारांचे भले झाले का?

कित्येक मालकांनी त्यांना सरळ हाकलले. पूर्ण पगार द्यायचा तर कमी माणसे पुरतात. गुरे हाकायला हेलिकॉप्टर आले, कुंपणे वाढली, घोडेस्वाराची गरज संपली. कामगार गेला तसे त्याचे कुटुंबही गेले, कारण ठाण्यावर राहण्याचा त्यांचा हक्क कामाला बांधलेला होता. पिढ्यानपिढ्या आपल्याच भूमीवर राहिलेली माणसे गावांच्या कडेला, सरकारी वसाहतींत, दारूच्या दुकानांच्या सावलीत जाऊन पडली. कायद्याने समान झाली आणि त्याच दमात बेघर झाली.

समान वेतन नको होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. तो न्याय होता आणि फार उशिरा आला. पण मजुरी ही मालकाने काम दिले तरच मिळते. काम काढून घेतले की वाढलेली मजुरी कागदावर राहते. हे गुरिंजींनी १९६६ मध्येच ओळखले होते, म्हणून हाकलले जाण्याआधी ते स्वतः निघून आपल्या जमिनीवर जाऊन बसले.

त्यांच्याआधी वीस वर्षे, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागातल्या मूलनिवासी कामगारांनी हेच केले होते. १९४२ च्या मोठ्या बैठकीत संप ठरला. तो १ मे १९४६ ला सुरू झाला. डूली बिन बिन आणि क्लॅन्सी मॅकेना हे मूलनिवासी नेते आणि डॉन मॅक्लाउड हा त्यांचा गोरा सहकारी. लिहिता-वाचता न येणाऱ्या कामगारांपर्यंत संपाची तारीख कशी पोहोचवली? ठाण्याठाण्यावर खुणा केलेली कॅलेंडरे फिरवून. शेकडो माणसांनी काम सोडले. नेत्यांना तुरुंगात टाकले, संप १९४९ पर्यंत चालला. खलाशांच्या युनियनने त्या भागातली लोकर जहाजावर चढवायला नकार दिला तेव्हा मालक वाकले. आणि मग? वाढीव मजुरी मिळाली तरी कित्येक जण परत गेलेच नाहीत. एकत्र राहून खनिजे वेचली, विकली, त्या पैशातून स्वतः ठाणे विकत घेतले. अनुभवातून दोन्हीकडे एकच धडा निघाला.

त्या फोटोमागची नऊ वर्षे

आता पुन्हा फोटोकडे. १९६६ ते १९७५. या नऊ वर्षांत सरकारने काय केले? जवळच वसाहत बांधून पक्क्या घरांचे आमिष दाखवले, म्हणजे दागुरागु सोडून लोक तिकडे यावेत. गुरिंजी आपल्या झोपड्यांत राहिले. न्यायालयाने काय केले? १९७१ मध्ये आर्नहेम लँडच्या योलङु लोकांनी खाणीविरुद्ध लढवलेल्या खटल्यात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केले की या लोकांची स्वतःची सुव्यवस्थित कायदेपद्धती आहे, आणि तरीही जमिनीवरचा त्यांचा हक्क नाकारला. हक्क दिसतो, पण आमच्या कायद्यात बसत नाही! 'कोणाचीच नसलेली जमीन' ही थाप ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने अखेर १९९२ च्या माबो निकालात फेकून दिली. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते एडी माबो त्याआधी काही महिने वारले होते.

२६ जानेवारी १९७२ ला, म्हणजे गोरे ज्या दिवशी 'ऑस्ट्रेलिया दिन' साजरा करतात त्याच दिवशी, मूलनिवासी तरुणांनी कॅनबेरात संसदेसमोर छत्री रोवली आणि आपला दूतावास उघडला. आपल्याच देशात परके ठरवलेत ना, मग हा घ्या आमचा दूतावास. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या दलित पँथरने काळा स्वातंत्र्यदिन पाळला. दोघांनी एकमेकांना विचारून केले नव्हते. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची ठिणगी दोन्हीकडे पोहोचली होती आणि स्वातंत्र्य कोणाचे, हा प्रश्न दोन्हीकडे तोच होता.

एवढे सगळे झाल्यावर व्हिटलम आले. सुमारे ३,२०० चौरस किलोमीटर जमिनीचा भाडेपट्टा घेऊन आले. मूठभर माती हातावर ठेवण्याची कल्पना त्यांचे सल्लागार नगेट कूम्ब्स यांची. फोटो काढला मर्विन बिशप या मूलनिवासी छायाचित्रकाराने. मूळ कार्यक्रम सावलीत झाला होता, तिथे फोटो नीट येईना, म्हणून बिशप यांनी दोघांना उन्हात बोलावून पुन्हा माती ओतायला लावली. म्हणजे त्या फोटोतला उजेडसुद्धा एका मूलनिवासी माणसाने मागून घेतलेला आहे.

व्हिटलम यांचे श्रेय मी नाकारत नाही. आधीच्या सरकारांनी जे केले नाही ते त्यांनी केले. पण ते जे देत होते तो भाडेपट्टा होता, मालकी नव्हती. आणि तीन महिन्यांच्या आत, ११ नोव्हेंबर १९७५ ला, त्यांचे सरकार बरखास्त झाले. बरखास्त करणारे गव्हर्नर जनरल कोण? तेच जॉन कार, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी ठाणेमालकांची वकिली केली होती. बरखास्तीचे कारण वेगळे होते, अर्थसंकल्पाच्या पेचाचे. पण व्यवस्थेच्या वरच्या मजल्यावर कोण कुठून चढते ते दिसते. व्हिटलम गेले, गुरिंजी तिथेच राहिले. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी मूलनिवासी जमीन हक्क कायदा विरोधी पक्षाच्या सरकारला करावा लागला. १९८६ मध्ये गुरिंजींना पूर्ण मालकी मिळाली, तीही अशी की ती जमीन कोणालाही विकता येत नाही. २०२० मध्ये वेव्ह हिल ठाण्याच्या उरलेल्या जमिनीवरही त्यांचा मूळ हक्क केंद्रीय न्यायालयाने मान्य केला. पहिल्या पावलापासून ५४ वर्षे.

आता सांगा, कोणी कोणाला माती दिली? माझे म्हणणे असे की गुरिंजींनी नऊ वर्षे जमीन धरून ठेवली आणि पंतप्रधानांना तिथे येऊन सही करावी लागली.

आणि सही झाली म्हणून लढा संपला नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीत 'आणीबाणीची उपाययोजना' जाहीर केली, वंशभेदविरोधी कायदा बाजूला ठेवला, मूलनिवासी वस्त्यांच्या जमिनी सक्तीने पाच वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतल्या. लोकांच्या भत्त्यातली निम्मी रक्कम अडवून ती ठरावीक दुकानांत ठरावीक वस्तूंसाठीच वापरता येईल असे केले, पुढे त्यासाठी कार्ड आले. आजोबाला पीठ-साखर, नातवाला कार्ड. २०२३ मध्ये मूलनिवासींना संसदेपुढे सल्ला देणारा एक आवाज असावा, एवढ्या साध्या सूचनेला सार्वमतात सुमारे ६० टक्क्यांनी नाही म्हटले. १९६७ चे ९० टक्के प्रेम कुठे गेले? सदिच्छेचे असेच असते, ती हवेप्रमाणे बदलते. दागुरागुची मालकी मात्र त्या सार्वमताने हलली नाही.

आणि बुडवलेली मजुरी? नॉर्दर्न टेरिटरीत १९३३ ते १९७१ या काळात राबवून घेतलेल्यांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सुमारे २० कोटी डॉलरपर्यंत भरपाई कबूल केली. बहुतेक जण तोवर मातीत गेले होते. लिंगियारी स्वतः १९८८ मध्येच वारले.

आणि आपण?

आपली आणि गुरिंजींची गोष्ट एकच आहे असे मी म्हणत नाही. त्यांचा दावा मूळ भूमीचा आहे. आपला दावा श्रमाचा, माणुसकीचा आणि नाकारलेल्या मालमत्तेचा आहे. पण कामाचा मोबदला म्हणून शिळेपाके देणे, आणि राहायची जागा चाकरीला बांधणे, ही रीत आपल्या आजोबांना कोणी समजावून सांगायची गरज नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो. बाबासाहेबांनी तर गाव सोडा म्हणून सांगितले, महार वतनाला विरोध केला, मग जमिनीचा आग्रह कशाला? हा आक्षेप अर्धवट वाचनातून येतो. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यांचा हल्ला होता वतनामागच्या वेठीवर. जमीन सोडा असे ते सांगत नव्हते, चाकरीतून मोकळी झालेली जमीन मागत होते. १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक शेतीची मांडणी केली, ती जमिनीशिवाय अस्पृश्य स्वतंत्र होणार नाही हे ठाऊक होते म्हणूनच. त्यांच्या माघारी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला आणि ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर नेला. लाखोंनी तुरुंग भरले. त्यात बायका होत्या, तान्ही पोरे होती. गुरिंजी वेव्ह हिल सोडून निघाले त्याच्या दीड वर्षच आधीची ही गोष्ट. जगाच्या दोन टोकांना दोन बहिष्कृत समाज एकाच निष्कर्षाला आले होते. त्यांच्या पंतप्रधानांचा फोटो आपल्या मोबाईलवर आहे. दादासाहेबांच्या सत्याग्रहींचा फोटो किती जणांकडे आहे?

मराठवाड्यातल्या गायरानावर आपली माणसे दोन-दोन पिढ्या पेरतात. त्यासाठी डोकी फुटली, उभी पिके जाळली गेली. १४ एप्रिल १९९० पूर्वीचे कब्जे कायम करण्याचा निर्णय झाला, तो निर्णय कोणाच्या कृपेने नव्हे, कसणाऱ्यांनी जागा सोडली नाही म्हणून झाला. आणि २०२२ मध्ये गायरानावरची अतिक्रमणे हटवण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा पुन्हा त्यांच्याच पोटात गोळा आला. शहरांलगतच्या महार वतनाच्या जमिनी कशा कोणाच्या घशात गेल्या, हे गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारा. जमिनीचा प्रश्न जुना झाला म्हणता? मग बिल्डरला, कंपनीला, पुढाऱ्याला तो रोज सकाळी नवा कसा वाटतो?

शिक्षण घ्या, नोकरी घ्या, आरक्षणासाठी लढा. त्यात तडजोड नाही. पण खाजगीकरणात सरकारी नोकरी आटत चालली आहे, आणि कंत्राटी कामगाराला उद्या येऊ नको म्हणायला मालकाला एक फोन पुरतो. डिसेंबर १९६८ नंतरच्या ऑस्ट्रेलियन ठाण्यांवर हेच घडले. ज्याच्याकडे फक्त पगार होता तो पगाराबरोबर गेला.

तेव्हा पुढच्या ऑगस्टमध्ये तो फोटो जरूर पाठवा. खालची ओळ मात्र बदला. आणि पाठवण्याआधी एक काम करा. आपल्या गावच्या तलाठ्याकडे जा. गावात गायरान किती, त्यावर आपली किती घरे, किती जण कसतात, वतनाच्या जमिनी कोणत्या आणि आज त्या कोणाच्या नावावर आहेत, याचे उतारे काढा. दहा पोरे एका तालुक्याला पुरेत. पुढच्या शिबिरात त्या उताऱ्यांवर बोलू. माझ्या इंजिनीअर मित्राला मी त्याच्या गावाचे काम दिले आहे. त्याने होकार दिला आहे.

जय भीम!